शाळेच्या लॉटरीत नंबर लागला नाही, पुढे काय?

आरटीईची सोडत जाहीर झाली की सातारा-सांगलीतल्या अनेक घरांत सारखेच चित्र दिसते. आई मोबाइलवर अर्ज क्रमांक टाकते. पान उघडायला वेळ लागतो. शेजारी मूल फरशीवर खडूने रेघोट्या ओढत बसलेले असते. यादीत नाव नसते. आई पुन्हा एकदा क्रमांक टाकून बघते. मग बाबांना फोन, मामाला फोन, शेजारच्यांच्या मुलाचा लागला का याची चौकशी. मूल विचारते, ‘आई, काय झालं?’ उत्तर येते, ‘काही नाही, जा खेळ तू.’ पण काहीतरी झाले आहे आणि ते आपल्याबद्दल आहे, एवढे त्याला कळलेले असते.

हव्या त्या शाळेत प्रवेश न मिळणे हा आजार नव्हे. तरीही त्यातून झोप उडते, नवरा-बायकोत वाद होतात, ‘आपण पोराला काहीच देऊ शकलो नाही’ ही बोच महिनोन्‌महिने राहते. या दुःखाचे नेमके काय करायचे, याबद्दल मानसशास्त्राकडे सांगण्यासारखे बरेच आहे. त्यातली पहिली गोष्ट अशी की हे दुःख मुलाचे नसते. ते मोठ्यांचे असते आणि मोठ्यांकडून मुलाकडे जाते.

सोडत म्हणजे काय?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून देशात लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायच्या आणि त्यांना मोफत शिकवायचे, अशी तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, घरापासूनचे अंतर नकाशावर दाखवायचे, दहापर्यंत शाळा निवडायच्या आणि सोडतीची वाट पाहायची. जागांपेक्षा अर्ज जास्त असले की संगणक चिठ्ठ्या काढतो. ज्या शाळेची सगळ्यांना ओढ असते, तिथे बहुतेकांच्या पदरी निराशा येणार हे गणितच आहे.

ज्यांचा आरटीईशी संबंध नाही, त्यांचीही तऱ्हा फार वेगळी नसते. शहरातल्या नावाजलेल्या शाळेत जागा भरलेल्या असतात, नाहीतर जागा असते पण फी झेपत नाही. शेवटी मूल घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जाते आणि घरात ‘नाइलाज’ हा शब्द राहायला येतो.

2024 साल तर पालकांच्या चांगलेच लक्षात राहिले असेल. त्या वर्षी 9 फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट मिळाली. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो रद्दच केला. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. कोणत्या शाळेचे दप्तर भरायचे हेच अनेक घरांत ठरत नव्हते. नकारापेक्षा ही टांगती अवस्था जास्त छळते. त्याचे कारण पुढे येईल.

थोडक्यात हुकले की जास्त लागते

1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांचे चेहरे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी तपासले. त्यांचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. कांस्यपदक मिळालेले खेळाडू रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेले सुवर्ण होते. कांस्यवाल्याला निदान पदक मिळाल्याचे समाधान होते. दुःख किती होणार, हे काय मिळाले यावर जेवढे ठरते, तेवढेच ‘काय मिळू शकले असते’ यावरही ठरते.

प्रतीक्षा यादीत तिसरा नंबर असलेल्या आईचे हेच होते. नव्वदावा नंबर असता तर तिने तो विषय सोडला असता. तिसरा असल्यामुळे ‘घर दोन गल्ल्या अलीकडे असते तर’, ‘उत्पन्नाचा दाखला आधी काढला असता तर’ असे ‘तर’ संपत नाहीत. त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंबर लागलेल्यांचे अभिनंदन चालू असते. सोडत यंत्राने काढलेली असते, तरी मन त्यात कोणाची तरी चूक शोधते. बऱ्याचदा ती चूक आईच्या माथी मारली जाते. अर्ज कोणी भरला, कागद कोणी जमवले, याचा हिशोब घरात सुरू झाला, तर तो तिथेच थांबवणे हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे. चिठ्ठी निघणे वा न निघणे कोणाच्याही हातात नव्हते.

मनाचा अंदाज चुकतो

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्यांना राहायला कोणते वसतिगृह मिळणार, हे सोडतीने ठरते. काही वसतिगृहे सगळ्यांना हवी असतात, काही कोणालाच नको असतात. एलिझाबेथ डन, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या संशोधकांनी सोडतीपूर्वी मुलांना विचारले, ‘अमुक वसतिगृह मिळाले तर वर्षभराने तुम्ही किती आनंदी असाल?’ हवे ते मिळाले तर फार आनंदी आणि नको ते मिळाले तर फार दुःखी, असे मुलांनी सांगितले. वर्षभराने प्रत्यक्ष विचारले, तेव्हा दोन्ही गटांच्या आनंदात जवळजवळ फरक नव्हता. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला.

अंदाज चुकला, कारण मुले इमारतीचा, जागेचा, खोल्यांचा विचार करत होती. रोजचा आनंद मात्र बरोबर राहणारे कसे आहेत, गप्पा कोणाशी होतात, यावर ठरत होता आणि ते सगळीकडे मिळत होते. शाळेचेही बरेचसे असेच असते. आपण फाटक, बस आणि गणवेश पाहतो. सहा वर्षांच्या मुलासाठी शाळा म्हणजे शेजारी बसणारा मित्र, नाव घेऊन हाक मारणाऱ्या बाई, मधल्या सुट्टीतला खेळ आणि स्वच्छतागृहात जायला भीती वाटते की नाही, एवढेच असते.

पण शिक्षणाचे नुकसान होईल ना?

हा प्रश्न रास्त आहे. खासगी शाळेतली मुले परीक्षेत पुढे दिसतात हे खरे, पण ती पुढे शाळेमुळे असतात की घरामुळे? शिकलेले, थोडे पैसे बाळगून असलेले पालकच मुलांना तिथे घालतात. मग श्रेय कोणाला द्यायचे हे कळत नाही. सोडत इथे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. अर्ज सगळ्यांनी केलेला असतो, घरे सारखीच असतात, फरक फक्त चिठ्ठीचा असतो. पुढे दोन्ही गटांची तुलना केली की शाळेचा परिणाम वेगळा दिसतो.

भारतात असा मोठा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. 2008 पासून 180 गावांत तो चालला. सरकारी शाळेतील ज्या मुलांनी अर्ज केले, त्यांतील काहींना सोडतीने खासगी शाळेत मोफत शिकण्याची संधी दिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चार वर्षांनी निकाल पाहिले. तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच होते. इंग्रजी आणि परिसर अभ्यासातही लक्षणीय फरक नव्हता. हिंदीत मात्र नंबर लागलेली मुले स्पष्टपणे पुढे होती, कारण खासगी शाळा तो विषय अधिक शिकवत होत्या. तेलुगूतून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना इतर विषयांत अडचण आल्याचे संकेतही मिळाले.

याचा अर्थ खासगी शाळा वाईट असा नाही. त्या शाळा दर मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्चात तेवढेच शिकवत होत्या, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. प्रत्येक ठिकाणी निकाल असाच येईल असेही नाही. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये काही शाळांच्या सोडतीत नंबर लागलेली मुले खरोखरच बरीच पुढे गेली. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की नावाजलेल्या शाळेत जागा मिळाली नाही, म्हणजे मूल मागे पडले, असा निष्कर्ष विज्ञान काढू देत नाही.

मूल चेहरा वाचते

1985 मध्ये अमेरिकेत जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी एक वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग केला. काचेच्या टेबलाखाली एका बाजूला खोलगट भाग आहे असे भासवले होते. बाळ रांगत तिथवर येई, थबके आणि समोर उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाही. ज्यांच्या आया हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, अशा 19 पैकी 14 बाळांनी तो भाग ओलांडला. ज्यांच्या आयांनी घाबरलेला चेहरा केला, अशा 17 पैकी एकानेही ओलांडला नाही. खाली काच तीच होती.

पहिलीच्या वर्गाचा उंबरठा मूल असेच ओलांडते. ही शाळा चांगली की वाईट हे ठरवण्याइतका अनुभव त्याच्याकडे नसतो. ते आईबाबांकडे बघते. ‘काय करणार, इथेच घालावं लागलं’ असे वाक्य आत्याशी फोनवर बोललेले ते ऐकते आणि जपून ठेवते. शिवाय या वयात घडणाऱ्या गोष्टींचा संबंध मूल स्वतःशी जोडते. ‘तुझा नंबर लागला नाही’ याचा अर्थ ते ‘मी नापास झालो’ असा घेऊ शकते.

म्हणून मुलाला खरे सांगावे, पण त्याच्या भाषेत. ‘खूप मुलं होती आणि जागा थोड्या होत्या. म्हणून चिठ्ठ्या काढल्या. खेळताना नाही का आपण राज्य कोणावर ते ठरवतो, तसं. आपली चिठ्ठी निघाली नाही. आता तू आपल्या जवळच्या शाळेत जाणार. आपण उद्या बघून येऊ.’ एवढे पुरते. आईबाबांनी वाईट वाटूच द्यायचे नाही असे नाही. रडावेसे वाटले तर रडावे, मैत्रिणीशी, बहिणीशी, नवऱ्याशी बोलावे. मुलाच्या कानाआड बोलावे, इतकेच.

त्या शाळेबद्दल चांगल्या निदान दोन गोष्टी शोधून मुलाला दाखवाव्यात आणि त्या खऱ्या असाव्यात. चिंचेचे झाड असेल, घरापासून चालत जाता येत असेल, शेजारची ताई तिथेच असेल. खोटे कौतुक मुलाला ओळखता येते.

वाट पाहण्याला तारीख द्या

निर्णय बदलण्याची सोय असली की आपण जास्त समाधानी राहू, असे सगळ्यांना वाटते. गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलटेच दिसले. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या दोन छायाचित्रांपैकी एक घरी न्यायचे होते. काहींना नंतर बदलण्याची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, त्यांना आपले छायाचित्र अधिक आवडू लागले. दार बंद झाले की मन आहे त्यात चांगले शोधायला लागते. दार किलकिले राहिले की ते काम सुरूच होत नाही.

प्रतीक्षा यादीचा त्रास याच जातीचा आहे. यादी सोडून द्यावी असे कोणी म्हणणार नाही, तो हक्क आहे. कागदपत्रे एका फाइलमध्ये तयार ठेवावीत, यादीच्या पुढच्या फेरीची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशीच पाहावे. दिवसातून दहा वेळा नव्हे. मुलाला मात्र जूनमध्ये पहिल्या दिवसापासून मिळालेल्या शाळेत पाठवावे. ‘नंबर लागेपर्यंत घरीच राहू दे’ असे केले, तर त्याच्या मैत्र्या उशिरा जुळतात. अमुक तारखेनंतर हा विषय या वर्षापुरता संपला, असे नवरा-बायकोने मिळून ठरवावे. वयाच्या अटीत बसत असेल, तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. नंतर शाळा बदलायची झाली, तर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे, असेही कायदा सांगतो.

मिळालेल्या शाळेत काय करता येते

सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे नाव राज्यातल्या शिक्षकांना नवे नाही. तिथल्या जिल्हा परिषदेच्या सुमारे 40 शाळांत तत्कालीन शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मुले गोल करून बसू लागली. फरशीवर अक्षरे आणि अंक रंगवले गेले. मणी, काड्या, बाटल्यांची झाकणे यांतून बेरीज-वजाबाकी सुरू झाली. शिक्षा थांबली. हे पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. या शाळांच्या इमारती कोणी पालकांनी लॉटरीत मागितल्या नव्हत्या. फरक पडला तो वर्गात मुलाशी कसे वागले जाते यामुळे.

या अनुभवाला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील ब्रिजेट हॅमरे आणि रॉबर्ट पियांटा यांनी 179 मुलांचा बालवर्गापासून आठवीपर्यंत मागोवा घेतला. बालवर्गात शिक्षकांशी नाते बिघडलेले असणे आणि पुढच्या इयत्तांतील अडचणी यांचा संबंध त्यांना दिसला. म्हणून पहिल्या महिन्यात पालकांनी करण्याची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे बाईंशी किंवा गुरुजींशी ओळख करून घेणे. तक्रार घेऊन जाण्याआधी एकदा सहज भेटावे. मूल कशाला घाबरते, घरी त्याला काय म्हणतात, जेवायला किती वेळ लावते, हे सांगावे.

दुसरी गोष्ट घरातली. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवले की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. दीड तासाने दुसरा भोंगा. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. करोनाच्या काळात मुलांना मोबाइलची सवय लागली, त्यावर गावाने काढलेला हा उपाय होता. त्याला कोणत्याही शाळेची फी लागली नाही. प्रत्येक घराला भोंगा मिळणार नाही, पण वीस मिनिटे जमतात. एक गोष्ट वाचून दाखवावी, धान्य निवडताना मोजायला लावावे, आज शाळेत कोणाशेजारी बसलास ते विचारावे. पुस्तके नसतील, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. घरात बोलली जाते त्याच भाषेत शाळा असेल, तर आईबाबांना हे सगळे सोपे जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचीच शिफारस केली आहे.

तक्रार खरी असेल तर

सगळेच दुःख मनाचे खेळ नसतात. मिळालेल्या शाळेत खरोखर शिक्षक कमी असतील, पाणी नसेल, मुलींना वेगळे स्वच्छतागृह नसेल, तर ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला चुकीचा आहे. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, ही शिक्षण हक्क कायद्यातली किमान मानके आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे बोलावे, लेखी द्यावे, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. मनातला राग अशा कामाला लावला, तर शाळेतल्या सगळ्याच मुलांचा फायदा होतो आणि आपण काहीच करू शकलो नाही ही बोचही कमी होते.

पहिले काही दिवस शाळेत जाताना रडणे स्वाभाविक आहे. मात्र तीन-चार आठवड्यांनंतरही रोज सकाळी पोटात दुखणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, जेवण-झोप बिघडणे, गप्प गप्प राहणे दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि शाळेत कोणी त्रास देते का तेही पाहावे. आई किंवा बाबांना दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर तीही दाखवण्याची वेळ आहे. सरकारच्या ‘टेलीमानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथेही मानसोपचाराचा सल्ला मिळतो.

बहुतेक घरांत मात्र ही वेळ येत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलाला मित्र मिळालेले असतात, बाईंची नक्कल करून दाखवणे सुरू झालेले असते आणि सोडतीचा विषय निघाला तर ते मध्येच थांबवून आपल्या वर्गातली काहीतरी गंमत सांगू लागते. तेव्हा ती गंमत पूर्ण ऐकावी.